चौकटीतील सहपाठी : होमाई व्यारावाला यांच्या विद्यार्थिदशेतील छायाचित्रांचा पुनर्विचार

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आता सर्वपरिचित झाले आहे. सबिना गडिहोक यांनी त्यांच्यावर लिहिलेला सचित्र ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. या मान्यतेबरोबर त्यांच्या कार्याची एक कथाही रूढ झाली. १९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेत रुजू होण्यासाठी त्या दिल्लीला गेल्या, तेथे त्यांनी सत्तांतर पाहिले, नेहरूयुग पाहिले आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला, अशी ही कथा आहे. या कथेत मुंबईच्या वाट्याला प्रस्तावनेची चार पाने येतात. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिकत असताना काढलेली छायाचित्रे म्हणजे मोठ्या कामापूर्वीचा हातखंडा बसवण्याचा काळ, असे गृहीत धरून चरित्रकार व वृत्तपत्री लेखक पुढे सरकतात.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासले आहे. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच वर्गाचे, आपल्याच मैत्रिणींचे, आपल्याच शहराचे चित्रण केले तर त्याला स्वतंत्र मोल असते की नाही, आणि असेल तर ते कोणत्या निकषावर ठरवायचे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना तो परका वाटण्याचे कारण नाही. दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात अशी शेकडो छायाचित्रे निघतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर काढणाऱ्याचे नाव नसते.

समूहाचे चित्र आणि समूहातून घेतलेले चित्र

मुंबईत छायाचित्रणाचे आगमन फार लवकर झाले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे शहरातील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. म्हणजे कॅमेरा हाती घेतलेला विद्यार्थी ही गोष्ट मुंबईला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. प्रश्न कॅमेऱ्यासमोर कोण उभे राहते आणि कोणत्या नात्याने, हा होता.

या काळातील मुंबईच्या लोकजीवनाचे सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्रण विल्यम जॉन्सन यांचे. त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये निघाले. त्यांत मुंबईतील विविध जातिजमातींचे लोक आपापल्या पेहरावात उभे दिसतात आणि त्यांच्या मागे शहरातील एखादी ओळखीची जागा दिसते. वस्तुतः माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, अशी जोडकाम केलेली ही चित्रे आहेत. मूळ जागेवरून उचललेला माणूस आणि त्याच्या मागे चिकटवलेले शहर, अशी ही रचना. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये हीच दृष्टी शासकीय पाठबळाने देशभर लागू झाली. माणूस हा त्याच्या जमातीचा नमुना, त्याचे नाव असले काय आणि नसले काय.

कलाशाळेच्या परिसरातही ही सवय पूर्णपणे सुटली नव्हती. जे. जे.चे विद्यार्थी आणि पुढे तेथेच अध्यापक झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या हातात विलक्षण जिवंत रेषा होती. ऑटो रोथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांत ती जागोजागी दिसते. तरीही तो ग्रंथ रचला गेला आहे तो जात, प्रांत आणि व्यवसाय यांच्या वर्गवारीवर. धुरंधरांची स्त्री चालते, वळून पाहते, पदर सावरते. पण ती अमुक एका प्रकारची स्त्री म्हणूनच पानावर येते. त्यांच्या रेषेचे कौतुक करताना या मर्यादेकडे डोळेझाक करण्याची प्रथा आपल्याकडे आहे, ती सोडायला हवी.

या परंपरेच्या शेजारी होमाईंची १९३० च्या दशकातील छायाचित्रे ठेवली म्हणजे त्यांतील फरक लख्ख दिसतो. येथे समोर नमुना नाही, सहपाठी आहे. छायाचित्र काढणारी आणि काढून घेणारी दोघी एकाच वर्गात बसतात, एकच डबा खातात, एकाच परीक्षेची काळजी करतात. होमाईंची एक वर्गमैत्रीण या छायाचित्रांतून पुनःपुन्हा दिसते आणि चित्राखालील नोंदीत तिचे नावही टिकून राहिले आहे. ती कोणत्या समाजाची, हे सांगण्यासाठी ते चित्र काढलेलेच नाही. तिची बसण्याची ढब, विचारात हरवलेला चेहरा, अंगावर पडलेला उजेड हा त्याचा विषय आहे. समूहाचे चित्र आणि समूहातून घेतलेले चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या छायाचित्रणाच्या इतिहासलेखनाने त्यांची फार काळ गल्लत केली आहे.

वर्ग, सहल आणि पाहणाऱ्या स्त्रिया

होमाईंचा जन्म नवसारीचा. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत असल्यामुळे बालपण गावोगावी गेले. पुढे शिक्षणासाठी कुटुंब मुंबईत स्थिरावले. माणेकशा व्यारावाला यांची त्यांच्याशी ओळख वयाच्या तेराव्या वर्षी झाली आणि कॅमेऱ्याची ओळख त्यांच्याकडूनच झाली. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेब विभागात काम करीत व छायाचित्रणही करीत. कला शाळेत, तंत्र घरात आणि विषय आजूबाजूला अशी ही शिक्षणाची तिहेरी सोय होती. फिल्म धुणे व प्रती काढणे हे घरच्या अंधाऱ्या खोलीतले काम होमाईंच्याही हाती असे. त्यामुळे छपाईच्या कागदावर काळा-पांढरा कसा उतरतो याचे भान त्यांना प्रथमपासून होते.

त्यांची पहिली प्रसिद्ध छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आली. विषय होता शहरातील एका महिला मंडळाची सहल. प्रत्येक छायाचित्राला एक रुपया मिळाला. या तपशिलाचा उल्लेख बहुतेक लेखांत कौतुकाने होतो, परंतु विषयाकडे मात्र दुर्लक्ष होते. सहल ही बातमी नव्हे. तेथे काही घडत नाही. बायका घराबाहेर पडतात, एकत्र बसतात, खातात, हसतात. १९३० च्या दशकात सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे मुंबईच्या स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या होत्या आणि वृत्तपत्रांना स्त्रियांचे सार्वजनिक रूप मिरवणूक व अटक या संदर्भात परिचित झाले होते. कोणत्याही कार्याविना, केवळ आनंदासाठी घराबाहेर पडलेली स्त्री हे दृश्य त्या मानाने नवे होते. संपादकाने ते छापण्याजोगे मानले, यात होमाईंच्या नजरेइतकाच त्या काळातील वाचकवर्गाच्या बदलत्या अभिरुचीचाही भाग आहे.

कलाशाळेतील छायाचित्रे याहून अधिक विचारपूर्वक घडवलेली आहेत. त्यांचा अर्थ लावताना ती कोणत्या वास्तूत काढली गेली, हे विसरून चालणार नाही. जे. जे.ची स्थापना १८५७ ची. ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास जिवंत व्यक्तीवरून रेखाटन करण्याचे वर्ग तेथे रुजवले. कलाशिक्षणाच्या या पद्धतीत स्त्रीची एक जागा ठरून गेलेली असते. ती चौथऱ्यावर बसते आणि इतर तिच्याकडे पाहतात. होमाईंच्या छायाचित्रांत स्त्रिया चित्रफलकाच्या अलीकडे आहेत. त्या पाहत आहेत, मोजत आहेत, हात थांबवून कागदाकडे परतत आहेत. पाहण्याच्या कामात गुंतलेल्या स्त्रीला पाहणारी तिसरी एक स्त्री कॅमेऱ्यामागे आहे. ज्या वास्तूत पाहण्याचे धडे दिले जात तेथे पाहण्याचा अधिकार कोणाकडे गेला, याची ही नोंद आहे. एखाद्या घोषणेने हे जितके ठसले असते त्याहून अधिक ते या शांत, वर्गातल्या दुपारीसारख्या चित्रांनी ठसते.

तंत्राचा येथे थोडा विचार करावा लागेल. होमाईंच्या नावाशी जोडला गेलेला रोलायफ्लेक्स हा कॅमेरा १९२९ मध्ये बाजारात आला. तो डोळ्याला लावायचा नसतो. तो छाती-पोटाच्या उंचीवर धरून वरून काचेत खाली पाहायचे असते. छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही, मान मात्र झुकते. समोरच्यावर नजर रोखल्याची भावना त्यामुळे कमी होते. शिवाय दृष्टिकोन कमरेच्या पातळीवरून येत असल्याने उभी व्यक्ती किंचित उंच, आकाशाच्या जवळ दिसते. होमाईंच्या मैत्रिणी अनेकदा अशा खालच्या कोनातून, मोकळ्या पार्श्वभूमीवर दिसतात. या मांडणीत पाश्चात्त्य सचित्र नियतकालिकांचा संस्कार निश्चित आहे. ‘लाइफ’ १९३६ मध्ये छायाचित्रप्रधान स्वरूपात निघू लागले होते आणि कलाविद्यार्थ्यांपर्यंत असे अंक पोहोचत होते. पण संस्कार म्हटले की अनुकरण म्हणून मोकळे होण्याची घाई टीकाकारांनी करू नये. खालच्या कोनातून युरोपात यंत्रे, पूल, कामगार नेते यांना भव्यता दिली गेली. तोच कोन पाचवारी साडीतल्या, हाती रेखाटनवही असलेल्या मुलीला लावला की त्याचा अर्थ पालटतो.

या ठिकाणी मार्गारेट बर्क-व्हाइट यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेण्यापूर्वी त्यांनीही आपल्या विद्यापीठाची छायाचित्रे काढली व विकली. त्यांत मुख्यत्वे इमारती आहेत: मनोरे, कमानी, बर्फातील आवार. पुढे त्या कारखान्यांकडे वळल्या, हे त्या चित्रांवरून समजू शकते. होमाईंना जे. जे.ची वास्तू उपलब्ध होती, आणि ती काही कमी देखणी नव्हे. पण त्यांचे लक्ष माणसांवर राहिले. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना दयानिता सिंग यांनी झाकिर हुसेन यांच्यासोबत प्रवास करून केलेले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेले काम याच वाटेवरचे आहे. तेथेही मैफलीपेक्षा मैफलीच्या आधीचा व नंतरचा वेळ अधिक बोलतो.

कोणाचे दैनंदिन जीवन?

येथवरचे विवेचन एकतर्फी ठरू नये म्हणून एका गंभीर आक्षेपाचा विचार आवश्यक आहे. ही छायाचित्रे ज्या दैनंदिन जीवनाची आहेत ते जीवन मुंबईत किती जणींच्या वाट्याला येत होते? १९२८ च्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने कामाबाहेर होते; १९३४ मध्ये पुन्हा मोठा संप झाला. परळ-लालबाग कलाशाळेपासून काही फार दूर नव्हते. परंतु आज पुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून दिसणाऱ्या होमाईंच्या आरंभीच्या कामात गिरणगाव हा मुख्य विषय म्हणून येत नाही. सहलीला जाणारे महिला मंडळ आणि चित्रकला शिकणाऱ्या मुली हे शहराच्या सुस्थित, इंग्रजी शिकलेल्या स्तराचे जीवन आहे. ‘समाजजीवनाचे चित्रण’ असा मोघम गौरव करताना समाज म्हणजे कोणता, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षकावर आहे.

हा आक्षेप सुनील जाना यांच्या तुलनेने अधिक टोकदार होतो. जाना (१९१८–२०१२) कलकत्त्यात इंग्रजी साहित्याचा अभ्यास करीत होते. १९४३ मध्ये पूरनचंद जोशी यांच्या आग्रहावरून ते अभ्यास सोडून चित्रकार चित्तप्रसाद यांच्यासह बंगालच्या दुष्काळात फिरले. त्यांची छायाचित्रे मुंबईतून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापली गेली आणि देशाला दुष्काळाचा चेहरा दिसला. विद्यार्थ्याने कॅमेरा घेऊन आपल्या वर्गाच्या बाहेर पडावे, भुकेल्यांपर्यंत जावे, ही अपेक्षा जाना यांच्या उदाहरणाने दृढ झाली. आणि ती योग्यच आहे.

तथापि या तुलनेतून होमाईंचे काम कमी प्रतीचे ठरवणे हा उतावीळ निष्कर्ष होईल. जाना यांची माणसे आपत्तीत सापडलेली आहेत. त्यांचे दैनंदिन जीवन उद्ध्वस्त झाल्यानंतर कॅमेरा तेथे पोहोचला. काढणारा परत जाणार आहे आणि समोरचा बहुधा मरणार आहे, या असमानतेची जाणीव जाना यांना स्वतःला होती व ती त्यांना आयुष्यभर सलत राहिली. होमाईंच्या छायाचित्रांत ही असमानता नाही, कारण अंतरच नाही. पण अंतर नसल्याची किंमतही आहे: जे जवळ नाही ते चौकटीत येत नाही. जवळीक आणि व्याप्ती यांपैकी एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. विद्यार्थ्यांना केवळ ‘वंचितांकडे जा’ असे सांगणारे आपले प्रकल्पही कित्येकदा जॉन्सन यांच्याच वाटेने जातात. शिबिरासाठी गेलेला विद्यार्थी गावातील म्हाताऱ्याच्या सुरकुत्या टिपतो, परत येतो आणि त्या म्हाताऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते. त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वसतिगृहाची खोली, खाणावळीतली रांग, एस.टी.च्या पासासाठीची धावपळ टिपली असती तर कदाचित अधिक खरे असे काही हाती लागले असते.

नावाचा प्रश्न

होमाईंची त्या काळातील छायाचित्रे अनेकदा माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, ही वस्तुस्थिती सर्व चरित्रलेखांत येते. कारणही त्यांनीच सांगितले आहे: त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. अनेक लेखक याकडे एक गंमतीचा किंवा दांपत्यप्रेमाचा किस्सा म्हणून पाहतात. माणेकशांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; त्यांनी पत्नीच्या कामाला दिलेला आधार निर्विवाद आहे. परंतु हेतू चांगला असला तरी परिणाम राहतोच. १९३० च्या दशकातील सचित्र पानांवरून एखाद्या अभ्यासकाने स्त्री-छायाचित्रकारांचा शोध घेतला तर त्याला त्या सापडणार नाहीत. मुद्रित पुरावा चुकीची साक्ष देतो. होमाईंनी पुढे वापरलेले ‘डालडा १३’ हे टोपणनाव निदान त्यांनी स्वतः निवडलेले होते, त्यात त्यांचा मिस्कीलपणाही आहे. आधीच्या नावाबाबत निवड हा शब्द वापरणे कठीण आहे.

या परिस्थितीतील विरोधाभास असा की, जी अवहेलना नाव हिरावून घेते तीच कामाला मोकळीक देते. साडी नेसलेली, कॅमेरा घेऊन फिरणारी बाई हौसेखातर काहीतरी करीत आहे, असे लोक समजत आणि तिच्याकडे दुर्लक्ष करीत. त्याचा आपल्याला फायदाच झाला, अशा आशयाचे होमाईंनी वृद्धापकाळी सांगितले आहे. समोरची माणसे सावध झाली नाहीत, म्हणून सहज राहिली. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’साठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेल्या कामात, विशेषतः युद्धविषयक सेवेतील मुंबईच्या स्त्रियांच्या चित्रांत, हा सहजपणा गणवेशालाही मागे सारतो.

या साऱ्याचा उलगडा झाला तो मुख्यतः गडिहोक यांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या मुलाखतींमुळे. १९९८ च्या ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ या माहितीपटापासून हे काम दिसते. ठसे, निगेटिव्ह आणि आठवण यांची सांगड घालून कोणते चित्र कोणाचे हे ठरवावे लागले. छायाचित्राच्या अंतर्गत शैलीवरून कर्तृत्व ओळखता येते, असा दावा कलासमीक्षक करतात. येथे तो अपुरा पडतो, कारण दोघे एकाच अंधाऱ्या खोलीत, एकमेकांच्या कॅमेऱ्यांनी काम करीत होते. मौखिक साक्षीला ‘दुय्यम साधन’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या आपल्या संशोधनपद्धतीने याची दखल घ्यावी.

आणि या निमित्ताने आपल्या घरचेही पाहावे. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतील जुनी छायाचित्रे काढली कोणी, याची नोंद क्वचितच आढळते. ‘राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर’ एवढेच खाली छापलेले असते. मूल्यांकनासाठी आता छायाचित्रे अक्षांश-रेखांशांच्या ठशासह जोडावी लागतात. छायाचित्र कोणत्या बिंदूवर उभे राहून काढले हे सेकंदासकट कळते. तेथे कोण उभे होते हे कळत नाही.

दिल्लीतील चित्रांकडे उलट वाचन

विद्यार्थिदशेतील कामाला प्रस्तावना न मानता पाया मानले तर दिल्लीतील प्रसिद्ध छायाचित्रेही वेगळी दिसू लागतात. ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे, स्वतःच्याही ओठांत सिगारेट असलेले नेहरू हे त्यांचे बहुधा सर्वांत अधिक छापले गेलेले चित्र. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने त्या क्षणाला काहीच महत्त्व नाही. महिला मंडळाच्या सहलीइतकाच तो बिनमहत्त्वाचा आहे. पण सत्तेच्या वर्तुळातील माणसे कार्यक्रमाच्या फटीत कशी वागतात, हे त्यात आहे. कलाशाळेत दोन तासिकांच्या मधला वेळ टिपणारी नजर येथे दोन समारंभांच्या मधला वेळ टिपते. औपचारिक हस्तांदोलने त्यांनीही शेकड्यांनी काढली; ती पोटापाण्याची होती आणि बहुतेक तशीच दिसतात.

१९७० मध्ये त्यांनी काम थांबवले त्यामागे वैयक्तिक कारणे होती, तशीच व्यवसायाविषयीची नाराजीही होती. नव्या छायाचित्रकारांचे धसमुसळे वागणे त्यांना पसंत नव्हते. यात पिढीपिढीतले नेहमीचे अंतर असेल. पण ज्यांचा हात मैत्रिणींची चित्रे काढून तयार झाला, त्यांना माणसावर तुटून पडणारा कॅमेरा असह्य व्हावा, हे सुसंगतच म्हणावे लागेल.

त्यांचा संग्रह आता दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे जतन झाला आहे आणि तेथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखाली होमाई व्यारावाला हे नाव असते. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ १९९३ मध्ये बंद पडले. त्याचे १९३० च्या दशकातील बांधीव खंड ज्या ग्रंथालयांत शिल्लक आहेत, तेथील पानांवर मात्र माणेकशांचे नाव तसेच आहे.